खांदेरी : काळ्या कातळाचे बेट

(शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



इंदूर नगरी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेली आणि समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. अशा ठिकाणी अलिबागजवळच्या एका निर्जन बेटाचे वर्णन कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. त्याचे उत्तर माळव्यातील कोणत्याही जुन्या विहिरीत सापडते. विहीर खणताना प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली पहारीलाही दाद न देणारा काळा पाषाण. तोच पाषाण नर्मदेच्या दक्षिणेला खानदेशातून आणि दख्खनच्या पठारावरून पसरत जातो, सह्याद्रीचे कडे होऊन कोकणात उतरतो आणि थळच्या किनाऱ्यापुढे समुद्रात शिरतो. समुद्रात शिरल्यावरही त्याने तेथे दोनदा डोके वर काढले आहे. किनाऱ्याजवळचे ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे, आकाराने मोठे, ते खांदेरी. माळव्यातील माणूस खांदेरीवर उतरला तर पाण्याची चव त्याला परकी वाटेल. पायाखालचा दगड मात्र घरचाच असेल.

खांदेरीवर गाव नाही. दीपगृहाची राखण करणारे, वेताळाच्या दर्शनाला येणारे कोळी बांधव आणि अलीकडे होडीने येणारे दुर्गप्रेमी एवढीच तेथील माणसांची ये-जा. बेटाला दोन टेकड्या आहेत. दक्षिणेकडची उंच असून तिच्यावर १८६७ साली बांधलेले दीपगृह उभे आहे. उत्तरेकडची ठेंगणी आहे आणि दोहोंच्या मधल्या सखल भागात होड्या लागतात. सभोवार तट आणि बुरूज. १९९८ साली बेटाला आणि दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात खांदेरी हेच नाव टिकून आहे. मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे ते १६७९ च्या मोहिमेमुळे. बखरी, इंग्रजांचा पत्रव्यवहार आणि त्यांवर आधारलेले ग्रंथ यांनी त्या काही महिन्यांचा दिवसवार हिशेब मांडला आहे. परंतु ज्या कातळावर हे सारे घडले तो कातळ त्या आधी काही कोटी वर्षे तेथे होता, आणि त्याच्यावर जगणारे जीव त्या मोहिमेच्या आधीही होते व नंतरही राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत बेट म्हणजे तटाखालची जमीन, एवढेच येते. येथे प्रथम ती जमीन पाहावयाची आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वाहू लागला. ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारा अग्नी असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे तसे फारसे नव्हते. पातळ, वाहता रस पुरासारखा पसरला, थिजला, आणि काही काळाने त्याच्यावर दुसरा पूर आला. या घडामोडीचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत आटोपला असावा असे आजचे कालमापन सांगते. आज उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीच्या परिसरात थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांपर्यंत जाते. घाटातून जाताना डोंगरांच्या उतारावर ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या कडा होत. भूवैज्ञानिक या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

प्रत्येक थराची घडण साधारणपणे सारखी असते. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट, जड आणि बारीक कणांचा होतो. निवताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. या भेगा फार नियमित असल्या म्हणजे खांबांसारखे स्तंभ तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तशी आहे, आणि इंदूरकरांना त्यासाठी तितके दूर जाण्याचे कारण नाही, कारण शेजारच्या देवास जिल्ह्यातील कावडिया पहाडावर असेच स्तंभ आहेत. थराचा वरचा भाग लवकर थिजतो. रसातून वर येणारे वायूचे बुडबुडे त्यात अडकून पडतात आणि खडक छिद्रांनी भरून जातो. पुढे कित्येक छिद्रांत पाण्याबरोबर आलेली पांढरी खनिजे बसतात. गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक त्यांतलेच. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा असतो. वरचा पूर येण्यापूर्वी खालचा थर बराच काळ उन्हापावसात उघडा होता याची ती खूण. घट्ट भाग, छिद्रांचा भाग आणि भेगा या तिन्ही गोष्टी श्रोत्यांनी लक्षात ठेवाव्यात. बेटावरील जीवसृष्टीचे पुष्कळसे रहस्य त्यांत आहे.

येथे माळव्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात लाव्हाच्या थरांखाली चुनखडीचे आणि वाळूच्या दगडाचे थर उघडे पडले आहेत. त्यांत समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. कालवांची कवचे तेथे थरच्या थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदेच्या खोऱ्याच्या वाटेने समुद्राचा एक हात माळव्याच्या दारापर्यंत आला होता. तो मागे हटल्यानंतर लाव्हा आला आणि ती कालवे त्याच्याखाली गाडली गेली. बाघमध्ये खाली कालव आणि वर काळा पाषाण आहे. खांदेरीवर खाली काळा पाषाण आणि त्याच्या अंगावर जिवंत कालव आहे. समुद्र माळव्याला परका आहे हे म्हणणे खरे आहे, पण ते अलीकडच्या काही कोटी वर्षांपुरतेच.

लाव्हाचे थर मूळचे बहुतेक आडवे. मग ते कोकणात समुद्रात कसे बुडाले? त्या काळात भारताची भूमी आणि आजची सेशेल्स बेटे एकमेकांना लागून होती. लाव्हाच्या अखेरच्या पर्वात ती विलग होऊ लागली आणि मधे सागरतळ निर्माण झाला. या ओढाताणीत किनाऱ्याजवळचे थर पश्चिमेकडे वाकले. पनवेलच्या आसपास हा बाक स्पष्ट दिसत असल्यामुळे त्याला पनवेलचेच नाव मिळाले आहे. अलिबागचा किनारा या बाकाच्या पश्चिमेला येतो. तेथील थर समुद्राकडे कललेले आहेत. लाव्हाच्या पुरांमध्ये पुष्कळ वेळा मोठे खंड पडत आणि मधल्या काळात तळी साचत. मुंबईत वरळीला अशा तळ्याच्या गाळात लहानशा बेडकांचे असंख्य सांगाडे मिळाले व १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. आगीच्या त्या युगातही बेडकांना ओरडायला सवड मिळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे कोट्यवधी वर्षांचे आकडे थोडे माणसाळतात.

बेट म्हणून मात्र खांदेरीचे वय फार थोडे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा बर्फाच्या रूपात अडकून पडला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. थळपासून खांदेरीपर्यंतचे आजचे पाणी उथळ आहे. त्या काळी तेथे पाणीच नव्हते. खांदेरी ही एका विस्तीर्ण मैदानातली दोन शिखरांची टेकडी होती. बर्फ वितळले, समुद्र चढत आला, मैदान बुडाले आणि टेकडीचे बेट झाले. पाण्याने वेढल्यावर मोठ्या जनावरांना एवढ्याशा जागेवर पिढ्यान्‌पिढ्या तगणे शक्य नव्हते. त्यानंतर तेथे जे आले ते पंखांनी, वाऱ्याने, लाटांनी, पक्ष्यांच्या पोटातून, आणि पुढे माणसाच्या गलबतातून.

बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला एक खडक दाखवला जातो. त्याच्यावर लहान दगडाने आघात केला की धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. खडकात धातू आहे, तो आकाशातून पडला आहे, अशा समजुती ऐकू येतात. वस्तुतः घट्ट, एकजीव आणि तडा न गेलेली शिळा थोड्याच ठिकाणी टेकलेली असली तर तिचे कंपन लवकर विरत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बेसाल्टच्याच कुळातील दगडांचे असे नाद देणारे ढीग प्रसिद्ध आहेत. भेगाळलेला किंवा छिद्रांचा खडक असा वाजत नाही. पारखी माणूस मडके वाजवून घेतो त्यातलाच हा प्रकार. फक्त, प्रत्येक पाहुण्याने दगड मारून पाहिल्यामुळे त्या खडकावर खळगे पडले आहेत, आणि ही परीक्षा आता थांबली तरी चालण्यासारखे आहे.

आता ओहोटीची वेळ. मुंबईच्या परिसरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्या आसपास असते. म्हणजे दिवसातून दोनदा बेटाभोवती दोन पुरुष उंचीचा कातळाचा पट्टा उघडा पडतो आणि पुन्हा बुडतो. बेटावरची सर्वांत दाट वस्ती या पट्ट्यात आहे. अगदी वर, जेथे फक्त लाटांचे तुषार पोहोचतात, तेथे मिरीएवढ्या गोगलगाई राहतात. उन्हाळ्यात दुपारी काळा कातळ इतका तापतो की त्यावर तळवा ठेववत नाही. त्या वेळी या गोगलगाई लाव्हाच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या छिद्रांत शिरून दार लावून बसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वायू निसटून गेला, झिओलाइट धुपून गेले, आणि रिकामी राहिलेली खोली आज एका गोगलगाईच्या कामी येते.

त्याखाली बार्नॅकल. दिसायला ते शिंपल्यांचे सोयरे वाटतात, पण त्यांचे गोत्र खेकड्या-कोळंबीचे. बाल्यावस्थेत हा जीव पाण्यात स्वच्छंद फिरतो आणि मग एक जागा पसंत करून तेथे डोके चिकटवतो, सभोवती चुन्याचा कोट बांधतो व जन्मभर पायांनी पाणी ढवळून अन्न तोंडाकडे ओढत राहतो. एकदा निवडलेली जागा बदलता येत नाही, त्यामुळे घट्ट कातळ कोठे आहे याची पारख त्याला आधी करावी लागते. त्याच्या आसपास आणि खाली कालवे. कालवाची एक शिंप खडकाला कायमची जडलेली असते, दुसरी झाकणासारखी उघडते. तिच्या कडा इतक्या धारदार की अनवाणी पाय सहज कापला जावा. कोकणच्या किनाऱ्यावर कोळणी टोकदार लोखंडी हत्याराने झाकण उचकटून आतला गर काढतात. त्यांच्या हाताला जे वळण असते ते पुस्तक वाचून येत नाही.

खडकाच्या भेगांत खेकडे. माणसाची सावली पडताच ते आडवे धावत भेगेत दिसेनासे होतात आणि सावली सरली की डोळे वर काढतात. डबक्यांत समुद्रफुले, शंखात बिऱ्हाड करून राहणारे खेकडे, उड्या मारत एका डबक्यातून दुसऱ्यात जाणारे इवलेसे मासे, आणि तळाशी हिरवट बटणे एकमेकांना लावून शिवलेल्या जाजमासारख्या वसाहती करून राहणारे झोअँथस. सर्वांत खाली, क्वचितच उघड्या पडणाऱ्या भागात, शेवाळे आणि स्पंज. कातळ घट्ट आहे की छिद्रांचा, भेग रुंद आहे की अरुंद, एवढ्यावरून तेथे कोण असेल हे बऱ्याच अंशी सांगता येते.

या दृष्टीने १६७९ कडे पुन्हा पाहिले तर काही गोष्टी नव्याने कळतात. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांनिशी खांदेरीवर उतरला आणि तट उठवू लागला. मुंबईच्या इंग्रजांनी बेट सोडण्यास सांगितले. धन्याच्या आज्ञेवाचून हलणार नाही असे उत्तर गेले. सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला. ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, परंतु मिंचिन आणि केजविन यांनी ‘रिव्हेंज’ लढवीत ठेवले आणि मराठी आरमाराला मागे हटावे लागले. तोफांच्या हिशेबाने तो दिवस इंग्रजांचा म्हणावा लागेल. तरीही बेट त्यांना मिळाले नाही. रात्रीच्या अंधारात हलकी, उथळ पाण्यात चालणारी मराठी गलबते रसद पोहोचवीत राहिली, आणि मोठ्या जहाजांना त्या खडकाळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता आला नाही. समुद्राकडे कललेल्या थरांनी पाण्याखाली जे दात रोवून ठेवले आहेत ते कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना पाठ होते. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारचे उंदेरी व्यापले, इंग्रजांनी वेढा आवरता घेतला आणि दोन शत्रू दोन बेटांवर समोरासमोर बसले.

तटाच्या बाहेर पाण्याच्या कडेला मोठमोठे दगड विखुरलेले आहेत. शत्रूला सहज उतरता येऊ नये आणि लाटांचा जोर तटाआधी मोडावा म्हणून ते मुद्दाम टाकले, व त्यांच्यावर वाढलेल्या कालवांच्या धारांनी पहाऱ्याचे काम केले, असे दुर्ग-अभ्यासक सांगतात. कालवे येतील हा हिशेब बांधणाऱ्यांनी केला होता की नव्हता याचा वाद घालण्यात अर्थ नाही. कोकणच्या समुद्रात घट्ट दगड टाकला की कालव आमंत्रणाची वाट पाहत नाही.

समुद्रातील दगड कायमचा असतो हा मात्र भ्रम आहे. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर याचा विलक्षण पुरावा आहे. तेथील तटाचे दगड झिजून खोल गेले आहेत आणि त्यांच्या सांध्यांतला चुना जाळीसारखा पुढे राहिला आहे. खारे पाणी दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरते, उन्हात वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटत जातो. खांदेरीच्या तटालाही याच पाण्याशी झुंजायचे आहे, आणि वरून वड-पिंपळाच्या मुळांचा जाच आहे. पक्ष्याने फळ खाऊन बी टाकावे, ते सांध्यात रुजावे, आणि काही वर्षांत मुळाने चिरा बाजूला सारावा, ही प्रत्येक मराठी किल्ल्याची कथा आहे.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे. ओहोटीला पाण्याच्या कडेने समुद्री बगळा दबकत चालताना दिसतो. याच्यात काळसर आणि शुभ्र अशी दोन रूपे असतात, आणि कातळावर उभे राहिलेले काळसर रूप हलेपर्यंत डोळ्यांना सापडत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव येतात, सुरय पाण्यावर सूर मारतात, आणि दगड व शेवाळे चोचीने उलथून खालचे किडे टिपणारा टर्नस्टोन उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून कोकणात मुक्कामाला येतो. समुद्री गरुड आणि ब्राह्मणी घार हे या किनाऱ्याचे मानकरी. तथापि समुद्रपक्ष्यांची खरी प्रसूतिगृहे पाहायची तर दक्षिणेला वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांकडे जावे लागते. तेथे सुरयांची वीण होते आणि गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते, पूर्वेकडच्या देशांत त्याचे सूप करतात, आणि त्या पैशाच्या लोभाने तेथील घरटी चोरली गेली आहेत. वेंगुर्ल्याच्या खडकांवर तट नाही, देऊळ नाही, होडी लावायला नीट जागाही नाही. पक्ष्यांनी ते का पसंत केले हे यावरून समजावे.

माणसाच्या मागून बेटावर काय येते याचे एक उदाहरण मॉरिशसजवळ आहे. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला त्यातूनच, भारताची भूमी उत्तरेला सरकल्यावर पुष्कळ काळाने, मॉरिशस घडले. मराठी बोलणारी कुटुंबे एकोणिसाव्या शतकात तेथे मजुरीसाठी गेली, तेव्हा त्यांच्याही पायाखाली पुन्हा काळा कातळच आला. त्या मॉरिशसच्या ईशान्येला राउंड आयलंड नावाचे ज्वालामुखीजन्य निर्जन बेट आहे. तेथे कोणी बकऱ्या आणि ससे सोडले. त्यांनी झाडोरा खाल्ला, पावसाने माती वाहून गेली आणि बेट उघडे पडले. जगात अन्यत्र न सापडणारा तेथील बिळे करून राहणारा एक बोआ साप १९७५ नंतर दिसलेला नाही. १९७९ साली बकऱ्या आणि १९८६ साली ससे हलविण्यात आले, तेव्हा रोपे पुन्हा वाढू लागली. त्या बेटाचे सुदैव इतकेच की उंदीर तेथे कधी पोहोचला नव्हता, आणि म्हणून सापांची दुसरी जात व दुर्मीळ सरडे वाचले. खांदेरीला तर साडेतीनशे वर्षे गलबते लागत आली आहेत, आणि गलबताबरोबर उंदीर जातो हा जगभरचा अनुभव आहे. उंदेरी या नावाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होईल; तो आवरावा.

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत खांदेरी आहे. तटांची दुरुस्ती होईल, झाडे काढली जातील, उतरण्यासाठी सोयी होतील, माणसे वाढतील. यांतल्या पुष्कळ गोष्टी व्हायलाच हव्यात. चिरा ढासळत असताना पिंपळाची बाजू घेणे म्हणजे सहृदयतेचा अतिरेक आहे. परंतु तटाचा पायथा खरवडून कालवे आणि बार्नॅकल काढून टाकणे, धक्क्यासाठी ओहोटीचा कातळ काँक्रीटखाली घालणे, किंवा खाण्याचे उरलेसुरले टाकून उंदरांची पंगत मांडणे हे दुरुस्तीत मोडत नाही. किल्ला कोणत्या दगडाचा आणि कोणत्या शतकातला याची नोंद आज बारकाईने होते. त्याच वहीत, काम सुरू होण्यापूर्वी, कोणत्या भेगेत काय राहते, कोणत्या झाडावर कोणाचे घरटे आहे, भरतीच्या रेषेखाली तटाचे किती थर जिवंत आहेत, याचीही नोंद व्हावी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चार ऋतूंतल्या चार ओहोट्या, एक वही, आणि थळचा एखादा जाणता कोळी सोबतीला असला म्हणजे काम सुरू होऊ शकते.

ही नोंद करणाऱ्याला जून ते ऑगस्टचे पान बहुधा मोकळे सोडावे लागेल. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि खांदेरीकडे कोणी फिरकत नाही. बेटावरची टाकी पावसाने भरतात. गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा भिजत उभ्या राहतात, त्यांच्या आसपास गुडघाभर गवत चढते. उन्हाळाभर दार लावून बसलेल्या गोगलगाई दिवसाउजेडी छिद्रांबाहेर निघून ओल्या कातळावर चरू लागतात. वर दीपगृहाचा दिवा फिरत असतो, आणि खाली लाटा तटाबाहेरच्या दगडांवर येऊन फुटतात.